स्वावलंबनाला पाठराखीण

मला स्वावलंबी करायचं आमच्या घरात ठरलं, तेव्हा त्या बैठकीला मला बोलावलेलं नव्हतं. मी आत चहा गाळत होते. बाहेर ओट्यावर वडील, चुलते आणि भावकीतली दोन वजनदार माणसं बसली होती आणि माझं पुढं काय करायचं यावर बोलणं चाललं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा सगळे गप्प झाले. कप उचलले, मी आत वळले, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

झालं असं होतं, की मला नोकरी लागली होती. शिरूरजवळच्या एमआयडीसीत मसाले तयार करणारी एक कंपनी आहे, तिच्या लॅबमध्ये. आम्ही वरवंडचे. वरवंडहून शिरूरला रोज जाऊन-येऊन शिफ्टची नोकरी करायची म्हणजे अंगाचा भुगा, तेव्हा तिथं खोली घेणं आलं. नोकरी मला हवीच होती. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेल्या मुलीनं घरी बसून किती दिवस आलं-लसूण सोलायचं? पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही मला ती खोली हवी होती. आतून कडी घातली तर 'आत काय करतीस गं?' असं कोणी विचारणार नाही, असं एक दार मला हवं होतं. आमच्या घरात बाथरूमच्या दाराबाहेरूनसुद्धा संभाषण चालू ठेवायची पद्धत आहे.

वडिलांनी नाही म्हटलं नाही. आमच्यात आता मुलीला नाही म्हणत नाहीत, ते मागासलेपणाचं दिसतं. वडील 'बघू' म्हणाले. आई म्हणाली, नोकरी असली की स्थळं बरी येतात, बायोडाटा भरल्यासारखा दिसतो. चुलते म्हणाले, पोरीनं एकटं राहायचं म्हणजे तिला त्याचं ट्रेनिंग पाहिजे. हे आमचे आप्पा. विकास सोसायटीचे माजी चेअरमन. पद गेलं तरी माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जातो. त्यांनी शिरूरला येणाऱ्या एका लाइफ कोचचं नाव काढलं. केडगावच्या पाहुण्यांच्या मुलानं म्हणे त्यांचं शिबिर केलं आणि तेव्हापासून तो घरात कोणाशी बोलायचाच बंद झाला. त्याला चांगला गुण आला असं त्या घरच्यांचं म्हणणं होतं.

"आधी शिबिर कर," वडील मला म्हणाले. "सर पास म्हनले, तर खोली घे."

म्हणजे माझी खोली आता एका अनोळखी माणसाच्या हातात गेली. तरी मी हो म्हटलं. दुसरा रस्ताच नव्हता.

शिबिर तीन रविवारी होतं, शिरूरच्या एका मंगल कार्यालयात. लग्नसराई नसल्यामुळे हॉल रिकामा होता. सूचना होती की प्रत्येक युवकानं एकट्यानं यावं. आम्ही जीपमधून सात जण गेलो. मला वाटलं आपलीच अब्रू जाणार, पण तिथं पोचल्यावर जीव भांड्यात पडला. प्रत्येक युवकामागं जीपभर माणसं आलेली होती. बायकांनी एका बाजूच्या खुर्च्या धरल्या, पुरुषांनी दुसऱ्या, आणि ज्यांनी शिकायचं ते आम्ही मधे, नवरा-नवरीच्या वाटेवर, सतरंजीवर. स्टेजवर सरांचा हाताची घडी घातलेला मोठा फोटो होता आणि त्याच्या खाली स्वतः सर, हाताची घडी घालूनच. कानाला बारीक माइक. पुण्याचे होते. चेहरा हसरा होता, कारण त्यांना आमच्याकडची माणसं अजून माहीत नव्हती.

सर बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात आप्पा स्टेजवर गेले आणि त्यांनी सत्कार सुरू केले. आधी सरांचा शाल-श्रीफळ देऊन. मग हॉल दिला म्हणून कार्यालयाच्या मालकांचा. मग वडगाव रासाईहून एक माजी सरपंच आले होते त्यांचा. मग त्यांचा सत्कार झाला म्हटल्यावर मांडवगणहून आलेल्या माजी सरपंचांचाही करावा लागला, नाही तर ते उठून निघाले होते. नारळ संपले. मग आधी सत्कार झालेल्यांचे नारळ परत आणून तेच पुढच्यांना दिले गेले. स्वावलंबनाला प्रत्यक्ष सुरुवात झाली तेव्हा जेवायची वेळ होत आली होती.

"तुमच्या आयुष्याच्या गाडीचं स्टेअरिंग कोणाच्या हातात आहे?" सरांनी पुढच्या एका मुलाला विचारलं.

"चुलत्याच्या, सर," तो म्हणाला. "मला लायसन न्हाई."

सरांनी कानाचा माइक सारखा केला. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकानं एक निर्णय पूर्णपणे स्वतः घ्यायचा आणि तो पाळायचा. कोणाला विचारायचं नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतः कोणता निर्णय घ्यावा हे ठरवायला आमच्याकडे पुन्हा बैठक बसली. या वेळी मला बोलावलं होतं, हे खरं. पुष्कळ चर्चा झाल्यावर असं ठरलं, की नव्या बाथरूमला कोणत्या रंगाची फरशी बसवायची ते मी ठरवावं. आप्पांनी मोठ्या मनानं सांगितलं, "आता आमी कोन बी मधी बोलनार न्हाई. तुजा निर्णय, तूच घ्यायचा."

"निळी," मी म्हणाले.

"निळीवर पान्याचं डाग दिसत्यात," वडील म्हणाले.

"तुजा निर्णय तूच घ्यायचा," आप्पा पुन्हा म्हणाले. "फकस्त निळी सोडून घे."

मी म्हटलं, मग माझा निर्णय असा आहे की मी एक तारखेला नोकरीवर हजर होणार आणि शिरूरला खोली घेऊन एकटी राहणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा निर्णय बैठकीत ठरलेला नव्हता, असं आप्पांनी जरा दुखावल्या आवाजात माझ्या निदर्शनास आणून दिलं. शेवटी पांढरी फरशी बसली आणि ती मी निवडली असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई आजही सांगते.

दुसऱ्या रविवारी एकट्यानं एसटीनं यायचं होतं. मी वरवंडहून चौफुल्याला गेले, तिथं शिरूरची गाडी धरली, खिडकीजवळ बसले. गाडी सुटताना मला फार बरं वाटलं. आजूबाजूला ऊस, शेजारी एक अनोळखी बाई, तिला माझं गाव माहीत नाही, मला तिचं नाही. कंडक्टर आला. मी पैसे काढले तर तो म्हणाला, "तुमचं तिकीट काढलंय." मागं वळून पाहिलं. शेवटच्या सीटवर टोपी भुवयांपर्यंत ओढून वडील बसले होते आणि मोठ्या लक्षानं खिडकीतून बाहेर बघत होते. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त कंडक्टरच्या हाती शेंगदाण्याची पुडी पुढं पाठवली. मला इतका राग आला होता की ती पुडी मी खाल्ली नाही, म्हणजे पारगावचा पूल ओलांडल्यापासून आलेली भूक तशीच शिरूरपर्यंत नेली.

तिसऱ्या रविवारी निरोपाचा कार्यक्रम होता. सरांनी तो कुठल्या तरी मोठ्या शहरातून शिकून आणला असावा. मुलं पुढं उभी करायची, पालकांनी मागं उभं राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि सरांनी सांगितलं की तो हात हळूच काढून घ्यायचा. काढून घेतला की मूल मोकळं झालं. मागं वाद्यसंगीत. एवढं साधं काम, पण ते चाललं होतं मंगल कार्यालयात. संगीत सुरू झालं, आईचा हात खांद्यावरून सुटला, आणि बायकांच्या बाजूनं एकीनं हुंदका दिला. मग सगळ्यांनी दिला. सर म्हणाले, टाळ्या वाजवा. त्याबरोबर आमच्यावर अक्षता पडल्या. माझ्या आत्यानं घरून पिशवीत रंगवून आणल्या होत्या. कार्यालयात जायचं आणि अक्षता न्यायच्या नाहीत, हे तिला पटलं नव्हतं. सरांच्या माइकात तांदूळ गेले. तशा अवस्थेत त्यांनी आम्हाला सगळ्यांना पास केलं आणि प्रमाणपत्रं वाटली. माझं आईनं फ्रेम करून देवाच्या खाली लावलं.

खोली मी स्वतः शोधली. गच्चीवरची एकच खोली, पुढं थोडी मोकळी जागा, एक नळ. दाराला आतून कडी होती, मी घालून पाहिली. सामान बांधायला घेतलं तेव्हा आईनं विचारलं, "सोबत कोन जानार?"

"कोणी नाही. एकटीनं राहायचं म्हणूनच तर एवढं सगळं केलं."

"आगं, ऱ्हायचं एकटीनंच. पर पाठराखीण नको का?"

आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक बाई तिच्याबरोबर जाते. ती पाठराखीण. चार दिवस नवरीजवळ राहते, तिच्याशेजारी निजते, तिला काय हवं-नको बघते. मग माहेरची माणसं गाडी घेऊन येतात आणि दोघींना परत नेतात. मी काही लग्न करून निघाले नव्हते, मसाल्यातला ओलावा मोजायला निघाले होते. पण घरातून मुलगी बाहेर पाठवायची आमच्या घराला एकच रीत माहीत होती, ती त्यांनी लावली. मी आरडाओरडा केला. वडील म्हणाले, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी त्या कडीच्या नादात होते.

पाठराखीण कोण हा प्रश्नच नव्हता. आत्या. वडिलांची थोरली बहीण. वडगाव रासाईला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हा माघारी आली आणि आमच्याच घरी राहिली. घराण्यातल्या प्रत्येक मुलीच्या मागं तीच पाठराखीण म्हणून गेली होती. मांडवात विधवा बाईनं पुढं यायचं नाही. पण पाठवायला ती चालायची, कारण तिच्यावाचून अडेल असं तिचं स्वतःचं कोणी नव्हतं. आमच्या घराचं अडायचं. म्हशींची धार, शेण, चूल, आल्या-गेल्याचं ताट, सगळं तिच्या अंगावर. पण चार दिवस आई रेटून नेते, असं ठरलं.

आत्या पत्र्याची पेटी घेऊन खोलीवर आली. पहिल्यांदा तिनं घरमालकिणीच्या पाया पडायला मला लावलं. ती बाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी, गाऊनवर उभी. भांबावून मागं सरकली. मग आत्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली. आणि बसूनच राहिली.

मला आधी कळेना. आमच्या घरी मी आत्याला पाय लांब केलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग लक्षात आलं. पाठराखीण म्हणजे सासरच्यांची पाहुणी. तिला कोणी कामाला हात लावू देत नाहीत, बसल्या जागी चहा येतो, ताट येतं. आत्याला आयुष्यात सुट्टी मिळाली ती एवढीच, कोणा ना कोणाच्या लग्नात. इथं सासर नव्हतं, तेव्हा ताट मीच वाढायचं होतं. शिफ्ट संपवून, हळदीनं नखं पिवळी करून मी यायची आणि दोघींचा स्वयंपाक करायची. भाजीत मीठ कमी झालं की आत्या तसं सांगायची. स्वावलंबनाच्या पहिल्या आठवड्यात मी जेवढ्या भाकऱ्या थापल्या तेवढ्या वरवंडला महिन्यात थापल्या नव्हत्या. कडी घालायचा प्रश्नच आला नाही, कारण ज्यांना बाहेर ठेवायचं त्यांतली एक आतच निजलेली होती.

पुढं आत्या बाहेर पडायला लागली. मी कामावर गेले की ती जिना उतरायची. एकदा आठवडे बाजारात जाऊन आली आणि वांगी आणलीच नाहीत, नुसतं फिरून आली. मी विचारलं, मग गेलीस कशाला? ती म्हणाली, "बघाया." एक दिवस घरी आले तर ती गालातल्या गालात हसत होती. पुष्कळ विचारलं तेव्हा सांगितलं. स्टँडजवळच्या हॉटेलात एकटी टेबलाला बसून तिनं चहा प्यायला होता.

"पोरानं इचारलं, मावशी, आनि काय? मी म्हनलं, काय बी नको, बसती जरा. आन् बसली."

"मग?"

"मग काय. कोनी उठवलं न्हाई."

मला हसू आलं आणि मग एकदम वाईट वाटलं. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या बाईला हे सांगण्यासारखं वाटावं याचा रागही आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

चाराचे दहा दिवस झाले, मग वडिलांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो, दोघी तयार राहा. मी म्हटलं, मला रजा नाही, पहिले सहा महिने मिळतच नाही.

"रजा कशाला पायजे?" वडील म्हणाले. "पाटसकडलं पाव्हनं बगाया येनारेत. बायोडाट्यात नोकरी घातली, लगीच फोन आला बग त्यांचा. काम झालं की."

म्हणजे नोकरीचं काम झालं होतं. ते नेमकं काय होतं ते मला तेव्हा समजलं. एकदा त्या जीपमध्ये बसले की ही खोली संपली, हे मला माहीत होतं. आमच्या घरातून परत निघायला पुन्हा बैठक लागली असती.

वडील आणि आप्पा सकाळीच आले. दोघं गच्चीवर खुर्च्यांत बसले. मी उभीच राहिले आणि सांगितलं की येत नाही. सरांनी मला पास केलंय, तुम्हीच तसं म्हणाला होता. यावर आप्पांनी शांतपणे खिशातून फोन काढला आणि सरांनाच लावला. आवाज मोठा केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, पालकांच्या भावनांचा आदर करणं हीसुद्धा स्वावलंबनाची एक प्रगत पायरी आहे, आणि शिरूरला पुढच्या महिन्यात विवाहपूर्व मार्गदर्शनाचं नवीन शिबिर आहे, त्यात सवलत देता येईल. आप्पांनी त्यांचे आभार मानले.

"चल, आक्का, पेटी घे," वडील आत्याला म्हणाले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. पाय लांबच होते.

"ही येत न्हाई म्हनती," ती म्हणाली.

"ती म्हनंल. तू चल."

"मी कशी येऊ? पाठराखीण नवरीला टाकून एकटी माघारी आली, आसं आपल्यात कवा झालंय? आप्पा, तुमीच सांगा."

भावकीतली प्रत्येक रीतभात आप्पांना विचारून होते, आणि हे बाकी खरंच होतं. पाठराखीण एकटी परत येणं म्हणजे लग्न मोडल्याचं लक्षण. सगळ्या वाड्यावस्त्यांवर चर्चा झाली असती. शेवटी ते म्हणाले, "न्हाई, तसं झालेलं न्हाई कवा."

"आरं, पर हे काय लगीन हाय का?" वडील वैतागले.

"मग मला धाडली कशाला?" आत्या म्हणाली.

वडील उठले, कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, परत आले. मला वाटलं आता माझ्याबद्दल काही तरी बोलतील. पण ते आत्यासमोर उभे राहिले आणि अगदी हळू, जवळजवळ काकुळतीला येऊन विचारलं, "आन् म्हशीची धार कोन काडनार?"

आत्यानं नुसतं त्यांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. वडिलांनी हात मागं घेतले.

जीप रिकामी गेली. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मी जिंकले होते. नोकरी माझी होती, खोली माझी होती, भाडं मीच देणार होते. आता चार-आठ दिवसांत आत्याला समजावून एसटीत बसवून दिलं की दाराला आतून कडी घालून मी एकटी बसणार होते. मागं भांड्यांचा आवाज आला. पाठराखीण म्हणून आल्यापासून आत्यानं कामाला हात लावला नव्हता; आता ती नळाखाली बसून माझी सकाळची भांडी घासत होती.

"आत्या, राहू दे गं."

तिनं ताट विसळलं, पालथं घातलं. वर न बघताच म्हणाली, "मी हितंच ऱ्हाऊ का गं? समदं करीन. तुला काय बी त्रास हुनार न्हाई. हितं मला कोन हाक मारीत न्हाई."

मी खोलीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या बाईनं आपल्याला विचारावं आणि उत्तर आपल्या हातात असावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि ते मला आवडलं. तिला थोडं थांबवून मग मी म्हणाले, "राहा की. कोण नको म्हणतंय?"

शब्द माझे होते, आवाज वडिलांचा होता. आत्यालाही तो ओळखू आला असणार. कारण त्यांना म्हणायची तसंच, मान खाली घालून ती "बरं" म्हणाली आणि पुढचं भांडं घासायला घेतलं.